बंद डबी

वादळाला नऊ दिवस झाले तरी गावात लाईट आली नव्हती. सोलर पॅनेल शाबूत राहिलं होतं ते फक्त कुमुदिनीबाईंच्या छपरावर. म्हणून दुपारी शेजारचा दिगंबर आईची डबी रुमालात गुंडाळून घेऊन आला.

"बाई, दहा मिनिटं लावू का? आई घाबरली असेल."

"अरे, शाळेत काय शिकवलं होतं मी तुला? विजेशिवाय विचार चालत नाही. तिच्यासाठी हे नऊ दिवस झालेच नाहीत."

त्याने वायर जोडली. हिरवा दिवा लागला आणि चार वर्षांपूर्वी वारलेली त्याची आई बोलू लागली.

"दिगू, किती हाका मारल्या रे तुला."

"लाईट नव्हती, आई."

"कळलं ते. नऊ दिवस मोजले मी. काळोखात दुसरं करायचं तरी काय?"

दिगंबर डोळे पुसत हसला. बाई हसल्या नाहीत. वरच्या फळीवर त्यांच्या नवऱ्याची डबी होती. त्याच्या कुरकुरीला कंटाळून त्यांनीच ती बंद केली होती, त्याला आता सहा वर्षं होत आली होती.

दिगंबर गेल्यावर त्यांनी ती खाली काढली, धूळ पुसली, वायर जोडली. बटणावर ठेवलेलं बोट मात्र संध्याकाळपर्यंत दाबलं गेलं नाही.