मंगळवारचं वादळ

“रबराचा आहे, रबराचा! शिवण दिसतेय त्याची!”

पडद्यावरच्या शार्कवर कुणीतरी खाल्लेलं कणीस भिरकावलं आणि अख्खी शेड हसली. फीफी बेंत्सिल तेवढा हसला नाही. तो पहिल्या रांगेत नवा शर्ट घालून बसला होता, कारण सिनेमा त्याच्यावरच काढलेला होता. काही वर्षांपूर्वी तो होडीसकट समुद्रात वाहून गेला. मेला म्हणून बायकोनं काळे कपडे घातले. मग एका परक्या जहाजानं त्याला सुकटीसारखा वाळलेला उचलला आणि घरी पोचवला. तेव्हापासून एसुआनो गावात त्याला केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेले मासे फुकट मिळत.

“फीफी, खरं सांग, शार्क एवढा होता?” मागून कुणीतरी ओरडलं.

“एवढा? ह्याच्या दुप्पट!”

“गेल्या वर्षी तर दीडपट म्हणाला होतास!”

“वाढतं वय आहे शार्कचं,” फीफीची सासू मानसा म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला.

हीरो इतके दिवस पाण्यावर होता, तरी त्याच्या शर्टाची इस्त्री मोडत नव्हती. त्यानं लाकडी होडीत शेकोटी पेटवली तेव्हा तर म्हातारे उठून उभेच राहिले. “अरे, कासव भाजतोयस की होडी?” एकानं पडद्यालाच विचारलं.

मंगळवार होता, म्हणून सगळे रिकामे होते. मंगळवारी समुद्र देवाचा. त्या दिवशी होडी लोटायची नाही. जाळी शिवायची, सोंगट्या खेळायच्या, नाहीतर सिनेमा बघायचा. जो हे मोडेल त्याची होडी वर्षभर वाळूत ओढून ठेवायची, वर देवाला मेंढा. आणि हे सगळं पाळलं जातंय ना, हे बघायला कोळ्यांचे मुखिया नाना एजिर होते. त्यांनी सख्ख्या भाच्याची होडीसुद्धा सोडली नव्हती. आता ते फीफीच्या शेजारीच, हातात काठी घेऊन बसले होते.

मग सिनेमा मागच्या काळात गेला. हीरो किनाऱ्यावर होडी लोटतोय, बायको हात हलवतेय. पडद्यावर अक्षरं उमटली : मंगळवार, पहाट.

शेडमधल्या सगळ्या माना फीफीकडे वळल्या.

“थांबव रे ते,” नाना म्हणाले.

गावाला फीफीनं सोमवार सांगितला होता. राजधानीहून, आक्राहून आलेल्या सिनेमावाल्यांनी मात्र थंडगार बिअर पाजली आणि हा खरं बोलून बसला. त्या शहरातल्या लोकांना सोमवार काय अन् मंगळवार काय! त्यांनाही एक थाप मारलीच होती म्हणा, वादळाची. वादळ कसलं बोडक्याचं! होडीच्या इंजिनातलं पेट्रोल संपलं होतं. अर्धाच डबा घेऊन निघाला होता शहाणा. पण पेट्रोल संपल्यावर कुणी सिनेमा काढतं का?

“हे मात्र फार झालं!” मागून आरडाओरडा सुरू झाला. “शार्क चालवून घेऊ, पण मंगळवारी कोण मरायला जातंय?”

“जावईबापू,” मानसा हळूच म्हणाली. ती हळू बोलली की फीफीला घाम फुटायचा. “आता चालवताय ती होडी माझी आहे, विसरू नका.”

“आई, सिनेमावाले हो ते! वाट्टेल ते दाखवतात.”

“मग सगळंच खोटं?” नानांनी काठी त्याच्या गुडघ्यावर टेकवली. “सुरुवातीलाच लिहिलंय, फीफीनं सांगितलं तसंच दाखवलंय म्हणून. शार्क खोटा?”

“नाही नाना, शार्क खरा.”

“आणि वार खोटा?”

“शार्क खरा, वार खोटा!” मागच्या पोरांनी टाळ्यांवर ठेकाच धरला.

“गप्प बसा रे!” नाना ओरडले. “फीफी, ऊठ. समुद्राकडे तोंड कर आणि शपथ घे.”

समुद्र दाराबाहेरच होता. फीफी उठला, दारापर्यंत गेला आणि चौकट धरून थांबला. गावाला तो कितीही थापा मारू शकत होता. पण ह्या पाण्यापुढे तो लहान पोरासारखा रडला होता, आणि ह्या पाण्यानं त्याला जिवंत सोडलं होतं. त्याच्यासमोर खोटं बोलायची त्याची छाती होईना.

“मंगळवारच होता, नाना,” तो म्हणाला. पाठोपाठ त्याला रडूच फुटलं. “चुकलो मी. पण देवानं तिथल्या तिथं शिक्षा दिली हो मला! काय ते वादळ, ताडाएवढ्या लाटा! आता तुम्ही आणखी कशाला मारता? होडी ओढून ठेवलीत तर पोरांच्या तोंडात काय घालू?”

नाना ताडकन उठले. त्यांनी काठी उगारली.

“वादळ? देवाच्या नावावर थापा मारतोस, लाज नाही वाटत? म्हणे ताडाएवढ्या लाटा! अरे, त्या मंगळवारी मोठ्या खडकापलीकडे, जिथून किनारासुद्धा दिसत नाही, तिथं पाणी तेलासारखं पडलं होतं! टाकलेलं जाळं जागचं हलत नव्हतं, आणि हा मला वादळ...”

काठी हवेतच राहिली.

फीफीचं रडू थांबलं. तो नानांकडे बघतच राहिला. पाणी अगदी तसंच होतं त्या दिवशी. एक तरंग नव्हता.

“नाना,” मानसानं डोक्याचं फडकं सावरत विचारलं, “हे सगळं तुम्हाला इथून, किनाऱ्यावरून दिसलं?”

नानांनी काठी हळूच खाली घेतली, खांद्यावरचं वस्त्र नीट केलं आणि ते आपल्या जागेवर बसले.

“चालव रे पुढे,” ते सिनेमा लावणाऱ्याला म्हणाले. “सिनेमात वारबिर कोण बघतं?”