न वाजलेला हॉर्न

धक्क्याच्या खांबावर पाणी बोटभर चढलं होतं.

काठावरच्या ट्रकमध्ये बसलेल्या ओडेटनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. सकाळी तिनं खडूनं मारलेली रेघ भिजली होती.

चार दिवस दोन सरोवरांमधली नदी बर्फानं तुंबली होती. वरचं सरोवर फुगत चाललं होतं आणि खालच्यात होड्या चिखलात बसल्या होत्या. बेटाची फेरीबोट बंद. धक्क्याकडचं, खालचं पाणी उतरलेलं आहे तोवर बर्फ धरून आहे, चढू लागलं की तो सुटणार, हे बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आणि त्याच बर्फावरून तिचा नवरा मर्ल परत येत होता, पलीकडच्या गावातून लेकीचं इन्सुलिन घेऊन. घरातलं शेवटचं सकाळीच टोचून झालं होतं.

निघताना त्यानं बजावलं होतं, "पाणी चढलं की ट्रकचा हॉर्न वाजव. ऐकला की मी विचार करणार नाही, तिथूनच मागे फिरणार."

येतानाचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. आता त्याच्यापासून बेटाचा काठ शंभर पावलांवर होता, मागचा त्याच्या तिप्पट. आणि मर्ल शब्दाचा पक्का.

तिनं हॉर्नवरचा हात काढला. 'पळ' म्हणावं, तर घाबरून एखाद्या फटीत जायचा. काठी टोचत, एकेक पाऊल तपासत स्वारी सावकाश येत होती.

ती ट्रकमधून उतरली.

"अरे, लंगड्या गाईसारखा काय चालतोस? सूप गार झालं!"

"काठी टेकत येतोय, दिसत नाही?"

"माझी आई एवढ्यात दोनदा येऊन गेली असती!"

"तुझ्या आईला बर्फसुद्धा घाबरतो!"

पण बोल त्याला लागला. काठी काखेत मारून तो ताडताड चालू लागला. ओडेट मोठ्यानं हसली. तिचे दात वाजत होते. रेघ केव्हाच बुडाली होती.

मर्ल धक्क्यावर चढला. औषधाची पिशवी त्यानं तिच्या हातात दिली.

"कुठाय सूप?"

तिनं त्याचा कोट दोन्ही मुठींत धरला आणि सोडलाच नाही.

त्याच्या पाठीमागे, आवाजही न करता, नदी हलली. ताज्या हिमावरची त्याच्या पावलांची ओळ, एकही पाऊल न मोडता, खालच्या सरोवराकडे निघाली.