आठव्या प्रश्नापर्यंत

फोन यायला अजून सात मिनिटं होती, पण आजोबांची दाढी झाली होती, भांग पाडून झाला होता आणि इस्त्रीचा शर्टही अंगावर चढला होता. नर्सला हसू आलं. सगळा थाट कशासाठी, तर दवाखान्याच्या कॉम्प्युटरवरून येणाऱ्या फोनसाठी.

ती या भागात नवीन होती. घरी सोडलेल्या रुग्णांना आठवड्यातून एकदा भेटायचं आणि टॅबलेटवर नोंदी भरायच्या, हे तिचं काम. आकड्यांवर तिचा फार विश्वास. माणसं भिडेपोटी काहीबाही सांगतात, आकडे आडपडदा ठेवत नाहीत, असं तिचं म्हणणं.

या घरचे आकडे वाईट होते. रोज सकाळी नऊला फोन यायचा आणि रुग्णाला किती दुखतंय ते शून्य ते नऊमधलं एक बटण दाबून सांगायचं. गेला महिनाभर रोज आठ. ते बघून डॉक्टरांनी वेदनेच्या औषधाचा डोस दोनदा वाढवला होता.

पलंगावर आजी होत्या. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचं बोलणं कायमचं गेलं होतं. गळ्याभोवती मऊ रुमाल, उशाशी पाटी-पेन्सिल. डॉक्टरांनी आता काही आठवडेच सांगितले होते. टॅबलेटवर व्यवसायाच्या रकान्यात कुणीतरी घाईघाईनं नुसतं ‘निवृत्त’ टाकून ठेवलं होतं.

नर्सनं चादर बदलून कोपरे खोचले. आजींनी गुंगीतच हात लांबवून उशाकडचा कोपरा सोडवला आणि पुन्हा नीट घडी घालून खोचला. असते एकेकाला खोड, नर्सच्या मनात आलं.

झोप किती, असं तिनं विचारलं. दिवसाचे वीस-बावीस तास, आजोबा म्हणाले. आधी पाटीवर पुष्कळ लिहायची, भांडायचीसुद्धा पाटीवरच. आता पेन्सिल हातातून गळते.

फोन वाजला. आजोबांनी तो स्पीकरवर टाकून उशीजवळ ठेवला.

“नमस्कार, मी सिस्टर बोलते आहे. घाबरू नका, सावकाश उत्तरं द्या.” आवाज छान होता, जरासा जाडसर आणि मायेचा. पहिला प्रश्न संपायच्या आतच आजोबांनी आठ दाबलं. बायकोकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

नर्सची मान वर झाली.

मग एकेक प्रश्न येत गेला. झोप लागली का, पोट साफ झालं का, जेवण गेलं का. सहाव्या प्रश्नाआधी फोनमधल्या बाई हलकेच खाकरल्या. रेकॉर्ड करताना ते काढून टाकायचं राहून गेलं असावं. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. पलंगावर आजींचे ओठ हलत होते. गुंगीतले रुग्ण असे पुटपुटतात, नर्सनं ते पुष्कळदा पाहिलं होतं. आठवा प्रश्न झाला आणि बाई म्हणाल्या, “आता थोडी विश्रांती घ्या. मी उद्या फोन करते.”

नर्स आजींवर वाकली आणि दुखतंय का म्हणून विचारलं. आजींनी मान हलवली, नाही. काल? नाही. त्याआधी? आजींनी बराच वेळ डोळे मिटून घेतले आणि पुन्हा मान हलवली. मग त्यांना झोप लागली.

“आजोबा, आठ का दाबलंत?”

ते शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहिले. “पाचाच्या वर दाबलं तरच सगळे आठ प्रश्न विचारतात. कमी दाबलं की ‘धन्यवाद’ म्हणून ठेवून देतात.”

“म्हणजे नुसता आवाज ऐकायला?”

“सवय झालीय, सिस्टर.”

नर्सच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुमच्या आठामुळे डोस वाढला, तुमच्या आठामुळे आजी शेवटचे दिवस झोपून काढताहेत, हे तिनं त्यांना स्पष्ट सुनावलं. आजोबांनी काहीच नाकारलं नाही. डोस वाढला हे नंतर कळलं, तरी हात आवरला नाही, एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“सिस्टर, ती बाई म्हणजे—”

“ती बाई म्हणजे मशीन आहे, आजोबा. कुणा जुन्या सिस्टरनं कधीतरी माइकसमोर वाचलेला कागद. आणि इथे तुमची सख्खी बायको पडलीय.”

आजोबांनी आजींच्या अंगावरची चादर सारखी केली.

तिनं टॅबलेट उघडला आणि या घरचा नंबर फोनच्या यादीतून काढायला घेतला. बाकी सगळी घरं केव्हाच मेसेजवर गेली होती, जुन्या फोनवर हे एकच उरलं होतं. शेवटचा नंबर काढल्यास रेकॉर्डिंगही कायमचं पुसलं जाईल, असा इशारा आला.

“राहू द्या ना,” आजोबा म्हणाले. “मी शून्य दाबीन. नुसतं धन्यवाद ऐकीन.”

एकदा खोटं बोललेल्या माणसाचं शून्य तरी कशावरून खरं? तिनं ‘हो’ दाबलं. मग डॉक्टरांना फोन करून डोस कमी करून घेतला. जिना उतरताना तिला हलकं वाटत होतं. आपण एका बाईचे दिवस परत मिळवून दिले, असं वाटत होतं.

चौथ्या दिवशी ती मुद्दाम डोकावली. नवाला दहा मिनिटं कमी होती. आजी उशीला टेकून बसल्या होत्या, आज पहाटेपासून नीट जाग्या, कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच. आजोबा खिडकीशी पाठमोरे उभे होते, दाढी वाढलेली, अंगात चुरगळलेला बनियन.

नर्सला पाहून आजी हसल्या. त्यांनी पाटी मागितली, आजोबांना दिसणार नाही अशी तिरकी धरली आणि सावकाश, रेखीव अक्षरात लिहून तिच्यापुढे केली.

‘मी गेल्यावरही यांचा नऊचा फोन चालू ठेवा. तो आवाज माझा आहे.’