साहेबांचा चहा

साखरेच्या टंचाईबद्दल अर्जांमागून अर्ज गेले, तेव्हा कुठे रेशनच्या कंट्रोलचे साहेब हैदराबादहून जालन्याला आले. त्यांना बिनसाखरेचा चहा कसा द्यायचा, म्हणून दुकानदार मंडळाच्या बद्रीनाथशेठनी सकाळीच दुकानोदुकानची रिकामी पोती झटकून चिमूटभर साखर गोळा केली होती.

“सरकार, दुकानात साखरेचा दाणा न्हाई. लोक आमच्या अंगावर धावून येऊन राह्यले,” शेठ काकुळतीला येऊन म्हणाले.

साहेबांनी चहाचा घोट घेतला. समोर कप घेऊन बसलेल्या दुकानदारांवरून नजर फिरवली.

“सबके हाथ में चाय है, और मीठी भी है. शक्कर किसने छुपाई?” त्यांनी शिपायांना झडतीचा हुकूम दिला.

शेठनी आपल्या कपाकडे पाहिलं. मंडळातल्या सगळ्यांसारखाच त्यांचाही चहा बिनसाखरेचा होता. पण तो उष्टा कप साहेबांपुढे करायला त्यांचा हात उठेना.