सगळ्या खुणा बरोबर

"मी काहीच सांगणार नाही हं," उत्कर्षा मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही करा. मी नुसती बघते."

नवनाथने मनातल्या मनात गणपतीला हात जोडले आणि माउस धरला.

चाकणच्या या कारखान्यात प्रेस मशीनवर कंत्राटी म्हणून राबण्यात त्याची उमेदीची वर्षं चालली होती. अशात सुपरवायझर रंगराव कानाशी लागले, "नवं सॉफ्टवेअर येतंय. प्रत्येक मशीनवर ते बसवायला एक माणूस कायम करायचा म्हणतायत. हिंजवडीहून मॅडम येऊन एकेकाला बघणार हायेत."

पहिला बसला सुजित. 'कोणकोणते भाग हवेत?' असं पडद्यावर आलं, आणि पठ्ठ्याने दिसेल त्या चौकोनात खूण केली. "फुकट मिळतंय तर सोडा कशाला, राव?" कॉम्प्युटर जागीच थिजला. तेवढ्यात सुजितने पडद्याचा फोटो मात्र काढून ठेवला होता.

तो फोटो पुढ्यात घेऊन नवनाथ रोज बसला. शिकवायला बायको, दिपाली. ती सांगवीला कॉम्प्युटर क्लास घ्यायची. काल चतुर्थीचा उपास सोडतानाही तिचं चालूच होतं.

"कॅमेऱ्याचा भाग?"

"काढायचा. आपल्या प्रेसला कॅमेरा आहेच कुठे!"

"जुन्या मशीनची जोडणी?"

"ठेवायची."

"आणि 'संपूर्ण' दिसलं की?"

"हातसुद्धा लावायचा नाही!"

"अस्सं! उद्या पेढे घेऊनच घरी यायचं."

आता तोच पडदा समोर होता. 'संपूर्ण' सोडून त्याने 'निवडून घ्या' दाबलं. कॅमेरा काढला. जोडणी ठेवली. पट्टी सरसर भरत गेली, आणि शेजारची प्रेस धडधडत सुरू झाली.

मॅडम आनंदाने उभ्याच राहिल्या. "एकदासुद्धा अडखळला नाहीत! खरं सांगा, आधी कुणी शिकवलं होतं?"

"छे हो मॅडम," नवनाथने ठोकून दिलं. "वाचलं, आणि कळलं."

"नक्की?"

"देवाशपथ!"

मॅडमनी तिथूनच फोन लावला.

"सर, आपला नवा पडदा चाचणीत पास! सुजितने घाईत गोंधळ घातला होता, एवढंच. कुणी न शिकवता ऑपरेटरला पहिल्या फटक्यात जमलं. सॉफ्टवेअर बसवायला कायमचा माणूस घेणार होता ना, तो आता नको. ज्याचं त्याला बसवता येतंय."