लोकेशन

बोईसरची खोली सोडून पालघरच्या नव्या फ्लॅटमध्ये सामान लावायचं, मंगळवारी केरळला निघायचं म्हणून बॅगा भरायच्या, आणि मध्येच रविवारी वास्तुशांत. प्रियंकाची नुसती तारांबळ उडाली होती. भिशीचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, सगळीकडे तिनं नव्या घराचं लोकेशन टाकलं. दांडीला राहणाऱ्या आईकडे साधा बटणांचा फोन. तिला घाईघाईत एवढंच सांगितलं, "रविवारी पूजा आहे, सकाळी घरी ये."

पूजेत गुरुजींनी माहेरचा आहेर मागितला.

"आईला वेळेचं भान म्हणून नाही," प्रियंका पुटपुटली. आहेराशिवायच पूजा उरकली. पंगती बसल्या, फोटो झाले.

चार वाजता बोईसरहून जुन्या शेजारणीचा, वर्षावहिनींचा फोन आला. "अगं, तुझ्या आई सकाळपासून तुमच्या बंद दाराशी बसल्यात, मांडीवर साडीची पिशवी घेऊन. तुला फोन करते म्हटलं, तर मला करूच देईनात."

"का?"

 

"म्हणतात, 'पोरीला आज लय काम हाय, तिला तरास नको. येल ती मला न्यायला.'"