सायब येणार म्हणून

सायब दिसला की हणमंताच्या पाठीला कणा उरत नाही, ही द्रौपदाबाईंची पोटच्या पोराबद्दलची जुनीच तक्रार. आज तर त्यानं कहर केला.

बोळाच्या टोकाला कुणा बिल्डरनं मोठ्या टॉवरचा घाट घातला होता. आताच वाहनं अशी अंगावर येत, की द्रौपदाबाईंच्या अधू नवऱ्यानं वॉकर घेऊन समोरच्या देवळात जायचं म्हणजे जिवाशी खेळ. त्यात टॉवरच्या गाड्यांची भर! टॉवरला परवानगी देण्याआधी ही कोंडी डोळ्यांनी बघायला नगरपालिकेचा सायब येणार होता, आणि सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून सगळं हणमंतावर सोपवलेलं.

त्यानं पहाटेच सगळ्यांच्या गाड्या पलीकडच्या मैदानात लावायला लावल्या. भाजीच्या हातगाड्या हटवल्या, बोळ झाडून घेतला, सडा शिंपला. बायकोला फाटकापासून टोकापर्यंत रांगोळी काढायला बसवलं.

सायब आला. शाल-नारळ घेतला, चहा प्याला, मोकळ्या बोळातून हात मागे बांधून रमतगमत फिरला. "रस्ता चांगला ऐसपैस आहे की! टॉवरला आमची काही हरकत नाही," म्हणाला आणि निघून गेला.

सायब दिसेनासा झाला तरी हणमंताचे हात जोडलेलेच. द्रौपदाबाई पदर खोचून ओट्यावरून उतरल्या.

"मेल्या, तुझा बाप जीव मुठीत धरून रस्ता कसा ओलांडतो, ते दाखवायचं होतं. तू तर नटवूनथटवून मुलगी दाखवल्यासारखा बोळ दाखवलास. पडला की पसंत त्याला!"